सुईआधी अंगठा

बसल्या जागी माझा उजवा पाय हलतो. लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, "पाय हलवू नको गं, लक्ष्मी जाती घरातनं." जत तालुक्यातल्या आमच्या घराकडे लक्ष्मी मुळात फिरकायचीच क्वचित, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे नर्सिंग कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात एस्तेर मॅडमनी माझं बारसं केलं: भिंगरी. माझं खरं नाव स्वरांजली हाक्के, पण ते हजेरीपुरतं राहिलं.

एस्तेर भोरे मॅडम आम्हाला मेडिकल-सर्जिकल शिकवायच्या. एकतीस वर्षं तोच विषय. उंचीने कमी, आवाजाने भरपूर. दुपारी तीन ते चार त्यांचा उजळणीचा तास असायचा. प्रात्यक्षिकाच्या खोलीत खाटेवर रबरी पुतळा झोपवलेला, त्याला आम्ही गणपतराव म्हणायचो, आणि त्याच्याभोवती आम्ही बावीस मुली. मी मॅडमच्या शेजारी बसायचे. माझा गुडघा नाचायला लागला की त्या न बघता त्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भिंगरे, थांब जरा." शिकवणं तसंच पुढे चालू.

एक दिवस त्यांनी मलाच उभं केलं. "गणपतरावांचं पोटाचं ऑपरेशन झालंय. वॉर्डात आलेत. आणि सारखे हलतायत. काय करशील?"

"झोपेचं इंजेक्शन लिहून ठेवलं असेल तर देईन, मॅडम."

"दिलंस? बरं. आता चादर ओढ त्यांच्या तोंडावर."

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"नीट ऐका. तुमच्या पुस्तकात यासाठी एकच शब्द आहे, अस्वस्थता. आपल्याकडे तीन आहेत. कळ, चुळबुळ आणि उलघाल. कळ असली की माणूस हलत नाही, हलला तर दुखतं ना! तो आखडून पडतो. चुळबुळ म्हणजे काहीतरी टोचतंय. लघवी तुंबलीय, पट्टी आवळलीय. ते दूर केलं की थांबते. आणि उलघाल? तिला कारण सांगता येत नाही. उशी दे, उशी काढ. खिडकी उघड, खिडकी लाव. रक्त कमी पडलं नाहीतर हवा कमी पडली की मेंदू आधी बोंब मारतो, मशिनवरचे आकडे मागाहून पडतात. कधी कधी पार उशिरा."

"पण मॅडम, पेशंट सांगेलच की," अल्फिया म्हणाली. अल्फिया मुलाणी म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण.

"नाही सांगणार. ज्याची उलघाल होते त्यालाच ती कळत नाही. कळायचं ते मेंदूनं, आणि उपाशी तोच. म्हणून तर शेजारी नर्स ठेवलीय."

त्यांचा दुसरा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. कुठलीही सुई टोचण्याआधी पायथ्याशी जायचं, पेशंटच्या पायाचा अंगठा मुठीत धरायचा आणि पाच मोजायचे. रक्त कमी पडायला लागलं की शरीर लांबच्या भागांचा पुरवठा आधी तोडतं. "गावात पाणी कमी आलं की शेवटच्या गल्लीचा नळ आधी आटतो," असं मॅडम सांगायच्या. आम्ही या प्रकाराला 'दर्शन घेणं' म्हणायचो. म्हातारे पेशंट ओशाळून पाय आखडून घ्यायचे, "लेकी, पाया काय पडतीस माझ्या?" चेष्टा करत करत का होईना, अडीच वर्षांत मी किमान दोन हजार अंगठे धरले असतील.

एवढं करून मी मेडिकल-सर्जिकलमध्ये दोनदा नापास झाले. वॉर्डात मला सगळं यायचं. पेपर समोर आला की डोकं माकडासारखं उड्या मारायचं. मधुमेहाचा प्रश्न लिहिता लिहिता भाजलेल्या पेशंटच्या सलाईनचा हिशेब आठवायचा, तो अर्धा मांडेपर्यंत दम्याचा पेशंट हाक मारायचा. तिसऱ्यांदा नापास म्हणजे अख्खं वर्ष पहिल्यापासून. आई अंगणवाडीत मदतनीस, आणि तिने अंगणवाडीच्या दर्शनी भिंतीवर माझा टोपीतला फोटो लावून ठेवला होता. त्या फोटोकडे बघून सुईला भिणारी पोरं गप्प बसतात म्हणे. त्या फोटोची मला धास्ती बसली होती.

अशातच पट्टी आली.

पूर्ण नाव उजळणी-पट्टी. कपाळावरून कानामागे जाणारी, दोन बोटं रुंद, बनियनच्या कापडासारखी मऊ. पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने आम्हाला ती समजावून सांगितली. दिवसभरात आपण जे शिकतो ते मेंदू गाढ झोपेत पुन्हा घोकतो. सगळं घोकत नाही, काही निवडतो आणि काही सोडून देतो. आम्ही धडा वाचत असताना पट्टी कानात एक बारीक सूर वाजवणार. शॉकच्या, म्हणजे रक्तपुरवठा कोसळण्याच्या, धड्याचा एक सूर, दम्याचा दुसरा. मग झोपेत संथ लाटा सुरू झाल्या की तोच सूर ती पुन्हा वाजवणार, आणि मेंदू नेमका तोच धडा घोकायला घेणार. एका प्रश्नाची दोन उत्तरं डोक्यात असली तर परीक्षेला लागणारं उत्तर ती वारंवार जागं करते. न जागवलेलं उत्तर आपोआप फिकं पडत जातं.

"आणि दुसरी सोय," तंत्रज्ञ म्हणाला, "काळजी करणाऱ्या मेंदूत पाठांतर टिकत नाही. मेंदूत आत बदामाएवढी एक गाठ असते. भीती, धास्ती, हुरहूर, सगळ्याचं मूळ तिथं. पट्टी तिच्यावर ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी नेमक्या सोडते. बदाम शांत, अभ्यास पक्का."

"किती शांत?" मॅडमनी विचारलं.

"पाहिजे तेवढा, मॅडम."

"कुणाला पाहिजे तेवढा?"

त्याला प्रश्न कळला नाही. मॅडमनी मग आपले तीन शब्द उजळणीच्या यादीत घालायला सांगितले. तो नम्रपणे म्हणाला की एका प्रश्नाला एकच उत्तर बसतं, आणि परीक्षेत शब्द 'अस्वस्थता' असाच येतो.

महिनाभरात कॉलेजने दुपारचा तीन ते चारचा तास 'निजतास' करून टाकला. प्रात्यक्षिकाच्या खोलीत बावीस गाद्या अंथरल्या. गणपतरावांना उचलून अडगळीच्या खोलीत उभं केलं. मॅडमना ऑफिसात हजेरीपत्रकं तपासायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी त्या दारात आल्या, गाद्यांवर ओळीने झोपलेल्या मुली बघितल्या आणि मला म्हणाल्या, "तू पण?"

"तिसरी खेप आहे, मॅडम."

 माझा गुडघा हलत होता. त्यावर हात ठेवायला त्या वाकल्या नाहीत, आणि ते मला फार लागलं. तेव्हा अजून लागत होतं.

पट्टी मात्र चालली, आणि फक्कड चालली. तीन आठवड्यांनी सराव परीक्षेत मला शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले. शॉकचे टप्पे विचारा, पोटॅशियम कमी झाल्याची लक्षणं विचारा, छातीतल्या नळीची बाटली कशी धरायची ते विचारा. दार उघडावं आणि उत्तर उभं असावं, असं व्हायचं. आत एरवी चालणारी पळापळ थांबली. पेपर संपवून मी घड्याळाकडे बघितलं तर चाळीस मिनिटं शिल्लक होती. मी ती शांत बसून काढली. शांत बसून!

आईचा फोन आला. "बरी हाईस न्हवं?"

"बरीच आहे."

"मग भांडली न्हाईस ती? दर फोनला मेसच्या भाजीवरनं भांडतीस."

"भाजी ठीक असते."

ती मग म्हणाली, "ताप बिप न्हाई न्हवं तुला?"

अल्फियाने पट्टी चार दिवसांत सोडली, तिचं डोकं दुखायचं. तिला सराव परीक्षेत अठ्ठावन्न मिळाले आणि तिने त्यावरच पेढे वाटले. पुढच्या महिन्यात वॉर्डातली तिची एक म्हातारी पेशंट गेली. दोन आठवडे अल्फियाने तिला भरवलं होतं, तिचे केस विंचरले होते. खोलीवर येऊन ती ढसाढसा रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं, "दुःखाच्या पाच पायऱ्या असतात. नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार. तू आत्ता चौथीवर आहेस."

अल्फियाने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. "स्वरा, तू चेष्टा करतीयास का?"

"नाही. बरोबर आहे ते. तपासून बघ."

दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या खोलीत जागा मागून घेतली. तिची गादी उचलताना मी मदतसुद्धा केली. खोलीत आता जास्त शांतता असेल आणि झोप चांगली लागेल, एवढंच माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

परीक्षेचा पेपर सोपा गेला. आता प्रॅक्टिकल तेवढं उरलं होतं. सकाळी दहाची वेळ, स्त्रियांचा सर्जिकल वॉर्ड. पेशंटच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या. माझ्या चिठ्ठीत होतं, 'खाट सात. एस्तेर भोरे, वय सत्तावन्न. पित्ताशयाचे ऑपरेशन, काल संध्याकाळी.'

आपल्या शिक्षिकेला परीक्षेचा पेशंट करणं बरं दिसत नाही, असं प्राचार्यांचं मत होतं. पण मॅडमनीच हट्ट धरला. "पडून तरी काय करू? पोरींना पेशंट लागतोच की."

बाहेरून आलेल्या परीक्षक तेरदाळे मॅडम खाटेच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. उजवीकडे स्टँडवर परीक्षेची पाटी होती, म्हणजे तो पडदा, ज्यावर आम्ही निरीक्षण भरायचं आणि जो प्रत्येक पायरीला गुण द्यायचा. खाटेच्या वर मॉनिटर. नाडी ब्याऐंशी. रक्तदाब एकशे अठरा, चौऱ्याण्णव. ऑक्सिजन सत्त्याण्णव. तिन्ही आकडे हिरवे.

"नमस्कार मॅडम. कसं वाटतंय?"

"बरंय गं. गॅस झालाय जरा. ती खिडकी उघड."

मी खिडकी उघडली. पाटीवर गुण पडला: पेशंटच्या सोयीकडे लक्ष.

"कशाला उघडलीस? लाव ती! आणि पाणी दे."

"मॅडम, अजून पाणी द्यायचं नाही. ओठ ओले करते."

"मला शिकवतीस?" त्या खेकसल्या. एकतीस वर्षांत त्या कुणा विद्यार्थिनीवर अशा विनाकारण खेकसल्या नसतील. त्यांचे हात चादरीवर फिरत होते, काहीतरी वेचल्यासारखे. उशी त्यांनी खाली टाकली. मी ती उचलून ठेवली, त्यांनी पुन्हा टाकली.

मी सगळं बघितलं. मुद्दाम सांगते, सगळं दिसलं मला. पाटीवर भरलं, अस्वस्थता. पाटीने विचारलं: वेदना? नाही. लघवी तुंबली आहे? पोट चाचपलं, नाही. तापमान, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन मर्यादेत? होय. पाटीने निष्कर्ष दिला, ऑपरेशननंतरची चिंता. धीर द्या. लिहून ठेवलेले झोपेचे इंजेक्शन गरजेनुसार द्या. माझ्या डोक्यातलं उत्तरही अक्षरशः तेच होतं. दार उघडलं, उत्तर उभं.

"छान," तेरदाळे मॅडम म्हणाल्या. "पुढे."

मी इंजेक्शन भरलं. मात्रा बरोबर, हवेचा बुडबुडा काढला, पेशंटचं नाव पुन्हा विचारून घेतलं. प्रत्येक पायरीला गुण पडत गेले. बहुतेक पूर्ण गुण मिळणार होते. सुईचं टोपण काढायच्या आधी मी पायथ्याशी गेले आणि माझ्या डाव्या हाताने त्यांच्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

मी ठरवून केलं नाही. शब्दांची आठवण मेंदूत एका जागी असते आणि हातांच्या सवयी दुसऱ्या, हे मला नंतर वाचून कळलं. पट्टी शब्दांपर्यंत पोचली होती. हातापर्यंत पोचली नव्हती.

अंगठा गार होता. माठाच्या बुडासारखा गार आणि ओलसर. मी पाच मोजले. मग दुसऱ्या पायाचा धरला. तोही तसाच.

आता मला सांगायचंय ते हे. मला काहीच वाटलं नाही. पोटात गोळा आला नाही, छातीत धडधडलं नाही. एरवीची भिंगरी अशा वेळी किंचाळली असती. मी मात्र तो अंगठा हातात धरून उभी होते, बाजारात टोमॅटो दाबून बघावा तशी. आणि तेव्हा एक विचार आला, कोरडा, हिशेबी विचार: इथे मला भीती वाटायला हवी होती. वाटत नाहीये. म्हणजे माझ्यात काहीतरी बंद आहे. मग मी माझ्या मनाला विचारून उपयोग नाही, हाताला विचारलं पाहिजे.

"काय झालं?" तेरदाळे मॅडमनी विचारलं. "पाया पडून झालं असेल तर इंजेक्शन द्या."

"मॅडम, एक मिनिट."

तीन शब्द होते. एस्तेर मॅडमनी शिकवलेले. हलणाऱ्या पेशंटचे तीन शब्द. कळ. ही कळ नाही, त्या आखडलेल्या नाहीत. चुळबुळ. तीही नाही, काही टोचत नाहीये. आणि तिसरा? मी शोधायला गेले की प्रत्येक वेळी समोर 'अस्वस्थता' येऊन उभी राहायची, रस्ता अडवून. पुन्हा गेले. पुन्हा अस्वस्थता. जिभेवर त्याची जागा होती आणि शब्द नव्हता.

"उमेदवार, वेळ जातोय."

खाटेखाली फरशी पुसत शेवंता मावशी होत्या, वॉर्डातल्या जुन्या कामवाल्या. फडकं पिळत त्या आपल्याशीच पुटपुटल्यासारख्या बोलल्या, "सकाळधरनं बाईंची नुसती उलघाल चाललीया. झोप न्हाई की काय न्हाई."

उलघाल.

तो शब्द आला आणि त्याच्यामागोमाग मॅडमचा अख्खा तास आला. गणपतराव, चादर ओढ त्यांच्या तोंडावर, आकडे मागाहून पडतात. मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि खाटेला लटकवलेला केसपेपर उचलला.

ऑपरेशनच्या आधीचा रक्तदाब होता एकशे छत्तीस, अठ्ठ्याहत्तर. दोन आकड्यांतलं अंतर अठ्ठावन्न. आत्ताचं अंतर चोवीस. वरचा आकडा मर्यादेत, खालचा जरा चढलेला पण मशिनच्या मर्यादेत, म्हणून मॉनिटर हिरवा. पण दोघे एकमेकांकडे सरकत होते. रक्तवाहिन्या आवळून शरीर कसाबसा दाब टिकवून धरत होतं. मग नाडी का पळत नाही? पान उलटलं. सात वर्षं रक्तदाबाची गोळी चालू, नाडीला लगाम घालणारी गोळी. नाडीला पळायची परवानगीच नव्हती. आणि लघवी? पहाटेपासून थेंब नाही, नोंदवहीत रिकामा चौकोन. तुंबली नव्हती, तयारच होत नव्हती.

"मॅडम, मी हे इंजेक्शन देणार नाही. पोटात रक्तस्राव होतोय. डॉक्टरांना बोलावते."

तेरदाळे मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मॉनिटर बघितला, पाटी बघितली. "तिन्ही आकडे हिरवे आहेत. लिहून दिलेलं औषध नाकारणं आणि खाट सोडणं, दोन्हींत तुम्ही नापास होता. तुमची ही तिसरी खेप आहे ना?"

"हो."

"मग विचार करा."

विचार करण्यासारखं काही नव्हतं. अंगणवाडीच्या भिंतीवरचा फोटो एकदा डोळ्यांसमोर आला, इतकंच. मी इनचार्ज सिस्टरच्या टेबलाकडे धावले. धावायची घाई आतून आली नव्हती, धावायला हवं हे ठाऊक होतं म्हणून धावले.

सर्जन पट्टणशेट्टी डॉक्टर शेजारच्याच इमारतीत होते. फोनवर म्हणाले, "आकडे सांग." सांगितले. "बरे आहेत की मग."

"सर, आकडे बरे आहेत. पण मॅडमची उलघाल होतीये. आणि अंगठा गार पडलाय."

 पट्टणशेट्टी डॉक्टर याच कॉलेजच्या दवाखान्यात शिकले होते आणि शिकाऊ असताना एस्तेर मॅडमचा ओरडा त्यांनीही खाल्ला होता. "आलो," ते म्हणाले.

खिशातलं सोनोग्राफीचं यंत्र त्यांनी मॅडमच्या पोटावर टेकवलं आणि पडद्यावर यकृताच्या खाली काळी पट्टी दिसली. रक्त. पित्ताशयाच्या रक्तवाहिनीला लावलेला चिमटा सुटला होता. त्याच वेळी मॉनिटरवरचा वरचा आकडा घसरला, एकशे दोन, मग अठ्ठ्याऐंशी, आणि मशिनला आता कुठे बोंब मारायची आठवण झाली. मॅडमना ढकलत थिएटरकडे नेलं. माझ्या शेजारून ट्रॉली जाताना त्या म्हणत होत्या, "खिडकी लावली का?"

थिएटरबाहेर बातमी कळून अल्फिया धावत आली. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, ओढणीचं टोक चावत होती, मध्येच थांबून ओठ हलवून दुआ मागत होती. मी बाकावर बसले होते. दोन्ही पाय जमिनीवर, स्थिर.

"स्वरा, तुला काय वाटत न्हाई का गं?"

"त्या वाचतील. वेळेत नेलंय."

"ते न्हाई विचारलं मी."

मी खूप प्रयत्न केला. मॅडमचा चेहरा आठवला, गुडघ्यावरचा हात आठवला. आपली म्हणावी अशी या शहरात हीच एक बाई. आत जाऊन हाक मारली तर पलीकडून कुणी ओ दिली नाही. "नाही वाटत," मी म्हणाले. अल्फिया येरझाऱ्या थांबवून माझ्या शेजारी बसली आणि माझ्या वाटचंही रडली. त्या मुलीचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सापडला चिमटा. आता बऱ्या होतील. झोपेचं इंजेक्शन गेलं असतं तर शांत झोपल्या असत्या आणि आपल्याला कळलंच नसतं."

निकाल आठवड्याने लागला. मी नापास. 'लिहून दिलेले औषध दिले नाही. अनुमतीशिवाय खाट सोडली.' प्राचार्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं, तेरदाळे मॅडमनीही लिहिलं. उत्तर आलं की पाटीने दिलेले गुण बदलण्याची तरतूद नियमात नाही. वर्ष पहिल्यापासून. आई फोनवर म्हणाली, "फोटू काढत न्हाई मी, ऱ्हाऊ दे." मी पट्टी ऑफिसात जमा केली. तंत्रज्ञ म्हणाला, "बदाम जागा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. काहींना जास्त. काहींना..." आणि पावती लिहून दिली.

मी वाट बघायला लागले. रोज सकाळी उठून पायाकडे बघायचे. पाय गप्प.

पट्टी परत केल्यापासून तेविसाव्या दिवशी, सकाळी साडेअकराला, मी ज्युनियर मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. सरांनी विषय घेतला होता, इंजेक्शनच्या जागा. पुढच्या मुलीने वळून बघितलं आणि म्हणाली, "दीदी, बाक हलतोय. पाय हलवू नका ना."

मी खाली बघितलं. उजवा गुडघा नाचत होता.

आणि मग सगळं एकदम आलं. इतके दिवस अडून राहिलेलं, एका दमात. भरलेलं इंजेक्शन, माझ्या बोटांत. टोपण काढायला उचललेला माझ्या हाताचा अंगठा. छान, पुढे. मी दिलं असतं. मावशी फरशी पुसायला दुसरीकडे गेल्या असत्या तर? त्या दिवशी मॅडमनी पायमोजे घातलेले असते तर? मी माझ्या हाताने, पूर्ण गुण घेऊन, मॅडमना... माझ्या तोंडाला कोरड पडली, कानात ठोके पडायला लागले, आणि आत्ता, या क्षणी, मॅडमचं पुन्हा काहीतरी होतंय आणि जवळ कुणी नाही, अशी खातरीच झाली माझी. मी बाक ढकलून उठले. मागून सर हाका मारत राहिले.

स्टाफ क्वार्टर्सपर्यंत मी धावत गेले, चपला हातात घेऊन. मॅडम दारातल्या खुर्चीत बसून पावटे सोलत होत्या. पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेले. मी त्यांच्यापुढे फरशीवर बसले आणि अंगठा मुठीत धरला.

कोमट. मग कोमटाहूनही जास्त. उन्हात ठेवलेला, जिवंत.

मॅडमनी पावट्याची शेंग सुपात टाकली. "भिंगरे, सुई कुठाय तुझी?"

"नाही आणली."

"मग अंगठा कशाला धरलास?"

 माझे दात वाजत होते, डोळ्यांतून, नाकातून पाणी येत होतं, आणि दुमडून बसलेली असूनही गुडघा थडथड उडत होता. मॅडमनी तो बघितला. बराच वेळ बघितला. मग नेहमीसारखा हात त्यावर ठेवला, पण दाबला नाही.

"हलू दे," त्या म्हणाल्या. "हलू दे गं आता."

पाच मोजून कधीच झाले होते. मी अंगठा सोडला नाही.